एकाच वेळी अनेक व्हॅल्यू जुळवणाऱ्या एसक्यूएल क्वेरी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

समजा, तुमच्याकडे एसटीच्या गाड्या आणि त्यांचे थांबे यांचं टेबल आहे. कुणीतरी येऊन म्हणतं, "सातारा, कराडच्या गाड्या काढून द्या." कीबोर्डला हात लावण्याआधी त्या माणसाला एक प्रश्न विचारायलाच हवा: यांपैकी एका ठिकाणी थांबली तरी चालेल, की दोन्हीकडे थांबायला हवी? पहिल्या प्रश्नाची क्वेरी (म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेला प्रश्न) सोपी आहे. दुसऱ्या प्रश्नाशी नवीन शिकणारे झगडत बसतात, कारण पहिल्याच क्वेरीत थोडा फेरफार केला की तो सुटेल असं त्यांना वाटतं. तो तसा सुटत नाही.

का सुटत नाही, ते एका वाक्यात सांगता येतं: व्हेअर, म्हणजे क्वेरीत अट लिहायची जागा, एका वेळी एकच ओळ बघतं. शेजारच्या ओळीत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. या लेखातली जवळजवळ प्रत्येक अडचण आणि प्रत्येक उपाय या एका वाक्यातून निघतो, म्हणून ते लक्षात ठेवूनच पुढे चला.

आधी हाताशी एक छोटं टेबल

नुसतं वाचून एसक्यूएल येत नाही. सरावाला एसक्यूलाइट घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली बनवलेला हा डेटाबेस अख्खा एका फाइलीत राहतो, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल आधीच असेल तर तेही चालेल.

इथे आज्ञाशब्द आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टाइप करायचे. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी वरचे तिन्ही डेटाबेस ती बिनतक्रार घेतात. गाड्यांचे क्रमांक आणि मार्ग नमुन्यापुरते आहेत.

```
क्रिएट टेबल थांबे (गाडी इंटिजर, गाव टेक्स्ट, क्रम इंटिजर);

इन्सर्ट इन्टू थांबे व्हॅल्यूज
(१०१, 'पुणे', १), (१०१, 'सातारा', २), (१०१, 'कराड', ३), (१०१, 'कोल्हापूर', ४),
(१०२, 'पुणे', १), (१०२, 'सातारा', २),
(१०३, 'सांगली', १), (१०३, 'कराड', २), (१०३, 'सातारा', ३), (१०३, 'पुणे', ४),
(१०४, 'कोल्हापूर', १), (१०४, 'कराड', २), (१०४, 'पुणे', ३),
(१०५, 'चिपळूण', १), (१०५, 'पाटण', २), (१०५, 'कराड', ३),
(१०६, 'कोल्हापूर', १), (१०६, 'जयसिंगपूर', २), (१०६, 'सांगली', ३);

क्रिएट टेबल गाड्या (गाडी इंटिजर, प्रकार टेक्स्ट, आगार टेक्स्ट);

इन्सर्ट इन्टू गाड्या व्हॅल्यूज
(१०१, 'शिवशाही', 'कोल्हापूर'), (१०२, 'साधी', 'सातारा'),
(१०३, 'निमआराम', 'सांगली'), (१०४, 'शिवशाही', 'कोल्हापूर'),
(१०५, 'साधी', नल), (१०६, 'साधी', 'सांगली');
```

थांब्यांच्या टेबलात एका गाडीच्या अनेक ओळी आहेत, जितके थांबे तितक्या ओळी. १०५ क्रमांकाच्या गाडीचं आगार मुद्दाम भरलेलं नाही, त्याचं काम पुढे आहे.

यांपैकी कोणतंही एक: इन

```
सिलेक्ट गाडी, गाव
फ्रॉम थांबे
व्हेअर गाव इन ('सातारा', 'कराड');
```

सात ओळी येतील. प्रत्येक ओळ हातात घेऊन डेटाबेस विचारतो, हिचं गाव या यादीत आहे का? असेल तर ठेव, नसेल तर सोड. फक्त गाड्यांचे क्रमांक हवे असतील तर सिलेक्ट डिस्टिंक्ट गाडी लिहा, म्हणजे १०१ आणि १०३ दोनदा दिसणार नाहीत. उत्तर पाच गाड्या. एकटी १०६ बाहेर राहते.

हेच गाव = 'सातारा' ऑर गाव = 'कराड' असंही लिहिता येतं आणि उत्तर तेच येतं. तरी इन वापरायची सवय लावा. यादी दहा नावांची झाली तरी क्वेरी वाचता येते, हे एक कारण. दुसरं कारण महत्त्वाचं आहे: ऑर लिहिलं की पुढे कधीतरी त्याच्या शेजारी अँड येतं आणि घोळ होतो. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून *सुटणाऱ्या* गाड्या शोधायच्या म्हणून कुणी असं लिहिलं:

```
सिलेक्ट गाडी, गाव फ्रॉम थांबे
व्हेअर गाव = 'पुणे' ऑर गाव = 'कोल्हापूर' अँड क्रम = १;
```

अँड हे ऑरच्या आधी बांधलं जातं. त्यामुळे क्रम = १ ही अट फक्त कोल्हापूरला लागली आणि पुण्याची प्रत्येक ओळ आत आली. सांगलीहून सुटून पुण्याला संपणारी १०३ सुद्धा यादीत बसली. गाव इन ('पुणे', 'कोल्हापूर') अँड क्रम = १ असं लिहिलं असतं तर कंसाची चिंताच नव्हती. ऑर टाळणं शक्यच नसेल तर त्याच्या दोन्ही बाजू मिळून न चुकता एकाच कंसात घाला.

गाव = 'सातारा' ऑर 'कराड' ही आणखी एक चूक फार दिसते. आपण तसं बोलतो, म्हणून हातून तसं लिहिलं जातं. पोस्टग्रेएसक्यूएल इथे चूक दाखवून थांबतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट 'कराड' या मजकुराचा आकडा करू बघतात, तो शून्य होतो, शून्य म्हणजे खोटं, आणि क्वेरी फक्त साताऱ्याच्या ओळी दाखवून मोकळी होते. चूक दाखवणारा डेटाबेस शिकणाऱ्याचं भलं करतो, आणि शक्य असेल तर मी सरावाला पोस्टग्रेएसक्यूएलच सुचवेन ते यासाठी.

हे सगळंच हवं

आता खरा प्रश्न: सातारा आणि कराड, दोन्हीकडे थांबणारी गाडी. सहज सुचतं ते असं:

```
सिलेक्ट गाडी फ्रॉम थांबे
व्हेअर गाव = 'सातारा' अँड गाव = 'कराड';
```

उत्तरात एकही ओळ नाही. चूक दाखवणारा संदेशही नाही. एका ओळीत एकच गाव असतं, आणि एकच गाव सातारा आणि कराड दोन्ही असू शकत नाही. प्रश्न एका ओळीचा नाहीच, तो गाडीच्या सगळ्या ओळींचा मिळून आहे. म्हणून आधी ओळींचे गाडीनुसार गट करायचे आणि मग गटाला प्रश्न विचारायचा. गटाला विचारायच्या अटीची जागा हॅविंग.

```
सिलेक्ट गाडी
फ्रॉम थांबे
व्हेअर गाव इन ('सातारा', 'कराड')
ग्रुप बाय गाडी
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट गाव) = २;
```

ही क्वेरी पाठ करू नका, कागदावर चालवून बघा. व्हेअरने सात ओळी ठेवल्या. त्यांचे गट पाडले: १०१ कडे दोन गावं, १०२ कडे एक, १०३ कडे दोन, १०४ कडे एक, १०५ कडे एक. ज्यांच्याकडे दोन्ही, त्या ठेवल्या. उत्तर १०१ आणि १०३.

डिस्टिंक्ट गाळू नका. एखादी गाडी जाताना आणि येताना अशी साताऱ्याला दोनदा नोंदलेली असेल, तर नुसत्या काउंट(*) मध्ये ती दोन भरेल आणि कराडला न जाताच उत्तरात येईल. दुसरी काळजी त्या शेवटच्या आकड्याची. यादीत तिसरं गाव घातलं आणि २ चे ३ करायचं राहिलं, तर क्वेरी निमूटपणे तिघांपैकी नेमक्या दोन गावांच्या गाड्या देईल, आणि तिन्हीकडे थांबणारी गाडी, म्हणजे तुम्हाला हवी तीच, गायब होईल.

याच साच्यातून बरंच काही निघतं. सातारा, कराड, कोल्हापूर यांपैकी किमान दोन ठिकाणी थांबणाऱ्या गाड्या हव्यात? यादी तीन गावांची करा आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी >= २ लिहा. १०१, १०३ आणि १०४ येतील.

फक्त पुणे आणि सातारा, तिसरा थांबा नाहीच, अशी गाडी शोधायची असेल तर व्हेअर काढून टाकावं लागतं. ते ठेवलं तर बाकीची गावं गट पडण्याआधीच गळून जातात, आणि मग ती होती की नव्हती हे हॅविंगला कळायचा मार्ग उरत नाही.

```
सिलेक्ट गाडी
फ्रॉम थांबे
ग्रुप बाय गाडी
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट गाव) = २
   अँड काउंट(डिस्टिंक्ट केस व्हेन गाव इन ('पुणे', 'सातारा') देन गाव एंड) = २;
```

एकूण गावं दोन, आणि यादीतली गावंही दोन. यादीबाहेरच्या गावाला केस काहीच देत नाही, म्हणजे नल देतं, आणि काउंट नल मोजत नाही. (केस संपवणारं एंड आणि अटी जोडणारं अँड हे वेगळे शब्द आहेत, टाइप करताना गल्लत नको.) उत्तर १०२.

क्रम महत्त्वाचा असेल तर

साताऱ्याहून कराडला जाणाऱ्या प्रवाशाला १०३ काय कामाची? ती उलट दिशेची आहे. मोजणीला दिशा कळत नाही. इथे टेबल स्वतःशीच जोडायचं: एक प्रत चढण्याच्या थांब्यासाठी, दुसरी उतरण्याच्या.

```
सिलेक्ट चढ.गाडी
फ्रॉम थांबे ॲज चढ
जॉइन थांबे ॲज उतर ऑन उतर.गाडी = चढ.गाडी
व्हेअर चढ.गाव = 'सातारा'
  अँड उतर.गाव = 'कराड'
  अँड चढ.क्रम < उतर.क्रम;
```

जोडणीनंतर व्हेअरच्या हातात येणारी ओळ मुळातच दोन थांब्यांची असते, म्हणून आता तिला दोन्ही गावांबद्दल एकदम विचारता येतं. उत्तर फक्त १०१. दोन-तीन व्हॅल्यूंसाठी ही पद्धत छान. यादी सात-आठ नावांची असेल तर तितक्या जोडण्या लिहीत बसू नका, गट पाडण्याकडे वळा.

यादी स्वतःच टेबलात असेल तर

प्रत्यक्ष कामात हवी असलेली गावं बहुतेकदा क्वेरीत लिहिलेली नसतात, ती दुसऱ्या टेबलात असतात. हवीत नावाचं, गाव हा एकच कॉलम असलेलं टेबल करा आणि त्यात सातारा, कराड भरा.

```
सिलेक्ट थ.गाडी
फ्रॉम थांबे ॲज थ
जॉइन हवीत ॲज ह ऑन ह.गाव = थ.गाव
ग्रुप बाय थ.गाडी
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट थ.गाव) = (सिलेक्ट काउंट(डिस्टिंक्ट गाव) फ्रॉम हवीत);
```

आकडा बदलायची चिंता संपली, यादीबरोबर तो आपोआप बदलतो. मला ही मांडणी सगळ्यांत भरवशाची वाटते.

दुसरी एक मांडणी जुन्या लोकांच्या कोडमध्ये भेटते, ती ओळखता यायला हवी:

```
सिलेक्ट ग.गाडी
फ्रॉम गाड्या ॲज ग
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम हवीत ॲज ह
  व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १ फ्रॉम थांबे ॲज थ
    व्हेअर थ.गाडी = ग.गाडी अँड थ.गाव = ह.गाव));
```

आतून बाहेर वाचा: हव्या असलेल्या गावांपैकी, जिथे ही गाडी थांबत नाही असं एकही गाव नसेल, तर ती गाडी घे. दोन नकारांमुळे पहिल्या वाचनात डोकं गरगरतं, पण अर्थ नेमका तोच आहे.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांच्या रूपात ठेवायची कल्पना) मांडलं आणि १९७२ च्या लेखात या "सगळेच" प्रकारच्या प्रश्नासाठी भागाकार नावाची क्रिया दिली. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी सीक्वेल भाषा मांडली, तिच्यातून पुढे एसक्यूएल घडली. पण एसक्यूएलमध्ये भागाकाराला थेट शब्द नाही. म्हणूनच आपल्याला मोजणी किंवा दुहेरी नकार असा वळसा घ्यावा लागतो. तुम्हाला हा प्रश्न अवघड वाटला असेल तर त्याचं एक कारण हेही आहे.

दोन्ही मांडण्यांत एक फरक आहे. हवीत टेबल रिकामं असेल तर मोजणीची क्वेरी एकही गाडी देत नाही, दुहेरी नकाराची क्वेरी सगळ्या गाड्या देते. यांतलं काय हवं ते आधी ठरवा.

यांपैकी एकही नको

साताऱ्याला *न* थांबणाऱ्या गाड्या शोधताना व्हेअर गाव <> 'सातारा' लिहिलं, तर १०१ सुद्धा येते. तिची पुण्याची ओळ अट पूर्ण करते ना! पुन्हा तेच: व्हेअरला ती एकच ओळ दिसली. गाडीबद्दल विचारायचं असेल तर असं विचारा:

```
सिलेक्ट ग.गाडी
फ्रॉम गाड्या ॲज ग
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम थांबे ॲज थ
  व्हेअर थ.गाडी = ग.गाडी अँड थ.गाव इन ('सातारा'));
```

१०४, १०५, १०६ मिळतील. यादीत आणखी गावं घालायला मोकळीक आहे.

आता ते न भरलेलं आगार. गाड्यांच्या टेबलावर आगार नॉट इन ('सातारा', 'कोल्हापूर') ही अट लावा. १०३ आणि १०६ येतील, १०५ येणार नाही. नल म्हणजे "माहीत नाही". जे माहीतच नाही ते सातारा नाही असं डेटाबेस छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि व्हेअर फक्त नक्की खऱ्या ओळीच पुढे सोडतं. १०५ हवी असेल तर कंसात (आगार नॉट इन (...) ऑर आगार इज नल) असं लिहावं लागेल.

याहून मोठा धोका नल यादीच्या आत असण्याचा. समजा दुरुस्ती या टेबलात कार्यशाळेत गेलेल्या गाड्या आहेत आणि एका ओळीत गाडीचा क्रमांक भरायचा राहिला आहे. गाडी नॉट इन (सिलेक्ट गाडी फ्रॉम दुरुस्ती) ही अट मग एकही गाडी देत नाही. तो न भरलेला क्रमांक कुठल्याही गाडीचा असू शकतो, म्हणून डेटाबेस कुणालाच "नक्की नाही" म्हणत नाही. अहवाल रिकामा येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळ्या गाड्या दुरुस्तीला गेल्या. उपक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) असेल तिथे नॉट इन वापरूच नका, नॉट एक्झिस्ट्स वापरा, असा माझा ठाम सल्ला आहे.

मजकूर दिसायला सारखा, पण जुळत नाही

मराठी डेटावर काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. क्वेरी बरोबर असूनही ओळी येत नाहीत, तेव्हा बरेचदा दोष अक्षरांत असतो.

कराड हे गाव कऱ्हाड असंही लिहितात. डेटाबेसच्या लेखी ती दोन गावं. शिवाय कऱ्हाडमधला अर्धा ऱ साठवण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) आहेत: एक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, तुलनेत बहुतेकदा वेगळे. ॲ हे अक्षरही एका चिन्हाने किंवा अ वर चंद्र देऊन लिहिता येतं, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. मजकुराच्या कॉलमात '१०१' देवनागरी आकड्यांत आणि रोमन आकड्यांत भरला असेल, तर तेही बहुतेकदा जुळणार नाहीत. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ही तर नेहमीचीच.

संशय आला की त्या कॉलमावर लेंग्थ लावून अक्षरं मोजा (मायएसक्यूएलमध्ये कॅर_लेंग्थ), फरक बहुतेकदा लगेच उघडा पडतो. कायमचा उपाय म्हणजे गावांचं वेगळं टेबल: प्रत्येक गावाला एक क्रमांक, थांब्यांच्या टेबलात नावाऐवजी तो क्रमांक, आणि जुळवणी क्रमांकावर.

हाच सल्ला एका रकान्यात 'पुणे,सातारा,कराड' असे स्वल्पविरामाने जोडलेले थांबे ठेवणाऱ्यांनाही. तिथे लाइक '%सांगली%' ने शोधलं तर सांगलीवाडीही सापडते, आणि पुढे टक्क्याचं चिन्ह असल्यामुळे साधा इंडेक्सही (शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) कामी येत नाही. एका थांब्याला एक ओळ द्या.

प्रोग्राममधून यादी पाठवताना

पायथन, जावा, पीएचपी कुठूनही क्वेरी चालवा, वापरकर्त्याने भरलेला मजकूर क्वेरीत जोडू नका. कुणीतरी गावाच्या नावात अवतरणचिन्ह आणि पुढे स्वतःची आज्ञा घुसवेल. व्हॅल्यू नेहमी पॅरामीटर म्हणून द्या, म्हणजे क्वेरीत तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि व्हॅल्यू वेगळी पाठवा.

इथे नवशिक्यांना हमखास चकवणारी गोष्ट अशी: इन (?) लिहून त्या एका प्रश्नचिन्हाला "सातारा,कराड" दिलं तर काहीच सापडत नाही. एक प्रश्नचिन्ह म्हणजे एक व्हॅल्यू. डेटाबेस "सातारा,कराड" याच लांबलचक नावाचं गाव शोधत बसतो. यादीत जितकी नावं तितकी प्रश्नचिन्हं प्रोग्रामने तयार करावीत: इन (?, ?). पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये गाव = एनी(?) लिहून पूर्ण ॲरे (व्हॅल्यूंची अख्खी यादी) एकाच पॅरामीटरमध्ये पाठवता येतो, ते जास्त सुटसुटीत.

यादी रिकामी येऊ शकते, हे गृहीत धरा. रिकामा कंस, इन (), पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएलमध्ये व्याकरणाची चूक ठरतो. एसक्यूलाइट तो चालवून घेतं, म्हणून सरावात न दिसलेली चूक प्रत्यक्ष कामात समोर येते. यादी रिकामी असेल तर क्वेरी पाठवण्याआधीच निर्णय घ्या. फार मोठी यादीही अडते: ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या एका इन मध्ये १००० पेक्षा जास्त व्हॅल्यू घेत नाहीत. यादी हजारांत गेली की ती तात्पुरत्या टेबलात भरा आणि वरची हवीत टेबलाची क्वेरी वापरा.

थांबे टेबल लाखो ओळींचं झालं की (गाव, गाडी) या क्रमाने इंडेक्स करा. गाव आधी, कारण शोध गावावरून सुरू होतो. गाडीही त्याच इंडेक्समध्ये असल्यामुळे गट पाडण्याच्या क्वेरीला बहुतेक वेळा मूळ टेबलाकडे जावंच लागत नाही. क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन लावून डेटाबेस तो इंडेक्स खरंच वापरतो आहे का ते बघा (एसक्यूलाइटमध्ये एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन). सहा गाड्यांच्या टेबलावर मात्र ही तपासणी करू नका. इतकं लहान टेबल सरळ वाचणंच स्वस्त पडतं, आणि इंडेक्स असूनही डेटाबेस त्याला हात न लावण्याचीच शक्यता जास्त.